वळणावरचं बुजगावणं

“बिबट्या सांगा, बिबट्या!” हौसाक्का म्हणाली. “बिबट्या म्हटलं की पुण्याची मान्सं जागच्या जागी गार हुत्यात.”

“आक्का, बिबट्या शेवटचा येऊन गेला त्याला नऊ वर्षं झाली,” मी म्हणालो.

“मंग? त्यांना कोन सांगतंय?”

हौसाक्का आमच्या बोरटेपची सरपंच होती आणि मी गाव बचाव समितीचा चिटणीस. समिती म्हणजे शाळेच्या ओसरीवर सतरंजीवर बसलेली आम्ही सात माणसं आणि चिटणीस म्हणजे ज्याचं अक्षर बरं तो. या गोष्टीला आता अठरा वर्षं झाली. तेव्हा मी छत्तिशीत होतो, आणि गावातलं प्रत्येक काम आपल्यावाचून अडतं अशी माझी पक्की समजूत होती.

प्रकरण असं होतं. गावाच्या वरच्या माळावर पुण्याची एक कंपनी ‘गोधूली नगरी’ नावाचं मोठं प्रकरण उभं करणार होती. साठीच्या पुढच्या माणसांसाठी अकराशे फ्लॅट, फिरायला बाग, भजनाला हॉल आणि गुडघ्यांच्या व्यायामाला वेगळी खोली. माळ त्यांनी कधीच घेऊन टाकला होता. पण पाणी? पाणी होतं आमच्या गायमुखाच्या झऱ्याला. त्या झऱ्यावर गाव पीत होतं, गुरं पीत होती आणि माझी रोपांची नर्सरी उभी होती. ते पाणी उचलायचं तर ग्रामसभेचा ना-हरकत ठराव हवा होता. ग्रामसभा होती एक मेला. तिच्या आधी दर रविवारी कंपनी पुण्याहून म्हाताऱ्यांची बस आणायची, माळ दाखवायची आणि नावं नोंदवून घ्यायची. नावं जितकी जास्त, तितका आमच्यावर दाब जास्त. म्हणून समितीनं ठरवलं की नावं नोंदवायच्या आधीच म्हातारे पळवायचे.

बस गावाच्या खालच्या वळणावर थांबायची, कारण पुढचा ओढ्यावरचा मोरीपूल तिला पेलत नव्हता. तिथून म्हातारे करंजाच्या झाडाखाली जरा टेकायचे आणि मग पायी वर जायचे. त्या झाडाखाली एक माणूस बसवायचा आणि त्यानं येणाऱ्याला घाबरवून सोडायचं, असा बेत. माणूस म्हातारा हवा, म्हणजे त्याच्यावर विश्वास बसेल. चेहरा उग्र हवा. आणि थापा मारताना डोळ्याची पापणी हलता कामा नये.

बाकीची सहाही माणसं माझ्याकडे बघायला लागली.

“आबा?” मी म्हणालो. “आबा ऐकायचे नाहीत. त्यांना नुसतं मीठ द्या म्हटलं तरी ते का म्हणून विचारतात.”

माझे वडील गेनबा ढमाले, वय एकोणऐंशी, गावातले सगळ्यात वयस्क. मिशा अशा की पोस्टमनसुद्धा पत्र उंबऱ्यावर ठेवून जायचा. आई गेल्यापासून आबांनी कोणत्याही कामाला होकार दिल्याचं मला आठवत नव्हतं. दिवसभर ओसरीवर बसायचे आणि बंडीच्या खिशातला पत्त्यांचा जोड काढून पिसत राहायचे. त्यांची मेंढीकोटाची चौकडी चाळीस वर्षं जुनी. त्यातले रामा गुरव आणि किसन शिंपी वारले आणि उरलेल्या तुकाअण्णाला मुलानं हडपसरला नेलं. तेव्हापासून आबा कधीमधी मला विचारायचे, “बसतोस का डावाला?” मी म्हणायचो, “आबा, रोपांना पाणी द्यायचंय.” हे उत्तर इतकं तोंडात बसलं होतं की पावसाळ्यातही तेच यायचं.

त्या संध्याकाळी मी भीतभीतच विषय काढला. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “किती वाजता येतीया बस?”

“दहाला.”

“मी साडेनऊलाच बसतो.”

मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

पहिल्या रविवारी मी नर्सरीच्या कुंपणाआड दबा धरून बसलो. बस आली, पंचवीसएक म्हातारे उतरले. टोप्या, काठ्या, पाण्याच्या बाटल्या. आबा करंजाखाली मिशीला पीळ देत बसले होते.

“राम राम. कुठं, वर चाललाव व्हय? जपून जावा. बिबट्याची वाट हाय.”

एक उंच, सडपातळ गृहस्थ थांबले. “बिबट्या? खरंच? दिसतो का हो?”

“दिसंल की. नशिबात असंल तर.”

“अहो, मी चाळीस वर्षं पाटबंधारे खात्यात काढली, रानोमाळ हिंडलो. एक बिबट्या दिसला नाही. किती वाजता येतो साधारण?”

आबा जरा गडबडले. वेळापत्रक आम्ही ठरवलंच नव्हतं. मग त्यांनी सापाची थाप काढली. कानाला मोठी कर्णफुलं घातलेल्या एक बाई लगेच म्हणाल्या, “साप परवडले हो. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी बघा तुम्ही!” त्या ओगलेबाई. टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या. आयुष्यभर दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली, आता स्वतःचं बोलायचं राहिलंय, असं त्या स्वतःच सांगायच्या. आबांनी शेवटचं अस्त्र काढलं. “हितं डाक्टर न्हाय बगा. मंगळवारी येतो फकस्त.”

“आमच्या इमारतीत खाली डॉक्टर राहतो,” मागून एक बुटके गृहस्थ म्हणाले. “तोंड बघायला मिळत नाही. मंगळवार तर मंगळवार.” हे रेगे, रेल्वेतले गार्ड. दिवसभरात ते एवढंच बोलले.

तोवर तिसरीच भानगड झाली होती. ऊन चढलं, म्हाताऱ्यांना तहान लागली, आणि दोघीतिघी आमच्या दारात येऊन पाणी मागायला लागल्या. माझी बायको मंदा समितीची सभासद. तिनं पाणी दिलं. पाण्यावर गूळ दिला. गुळावर चहा झाला. चहाबरोबर गुडघेदुखीची चौकशी झाली आणि निर्गुडीचा पाला बांधून दिला गेला. मी घरी येऊन बघतो तर ओसरीवर नऊ म्हाताऱ्या.

“अगं, आपण यांना हाकलायचं ठरवलंय ना?” मी तिला आत नेऊन विचारलं.

“हाकलू की,” मंदा म्हणाली. “चहा तर पिऊ द्या. दारात आलेल्याला कोरडं पाठवू का?”

गावभर हेच झालं होतं. हौसाक्कानं तर एकीला भाकरी शिकवली होती. पुढच्या रविवारी एका बसच्या जागी दोन बसगाड्या आल्या. कंपनीचे साहेब शहाडे म्हणून होते, गळ्यात टाय आणि हातात कायम घाम पुसायचा रुमाल. त्यांनी वळणावर पाटी लावली, ‘प्रेमळ ग्रामस्थांच्या सहवासात’. मी ती पाटी वाचली आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आबा मात्र दर रविवारी नेमानं जात होते. मिशा विंचरलेल्या, धुतलेलं धोतर, मंदानं इस्त्री केलेली टोपी. चौथ्या रविवारी मी ठरवून वळणावर गेलो, म्हटलं बघू तरी काय थापा मारताहेत.

करंजाखाली पोतं अंथरलं होतं. पोत्यावर आबा, समोर ते पाटबंधाऱ्यातले उंच गृहस्थ, दाबके साहेब, एका अंगाला ओगलेबाई, दुसऱ्या अंगाला रेगे गार्ड. मधे पत्ते.

“बाई, तोंड बंद,” आबा म्हणत होते. “मेंढीकोट मुक्यानं खेळायचा खेळ हाय. जोडीदाराला पान दावायचं न्हाय, बोलायचं न्हाय, खुणवायचं न्हाय.”

“मी कुठं काय बोलले? मी नुसतं म्हटलं की आज बदामाचा दिवस दिसतोय.”

दाबक्यांनी हुकमाचं पान आपटलं. “गेनबा, ही चौथी दश्शी! चारी मेंढ्या आपल्या, कोट!”

आणि माझे आबा हसले. मोठ्यानं, पोट हलवून, मिशीसकट. ते हसणं मी आई गेल्यापासून ऐकलं नव्हतं. पण खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला त्याचा आनंद झाला नाही. मला राग आला.

“आबा!”

चौघांनीही माझ्याकडे बघितलं, शाळेत मास्तरांनी पकडल्यासारखं.

“ह्यो माजा थोरला,” आबा म्हणाले. “समितीचा चिटनीस हाय. तुमाला पळवून लावायचं काम त्याच्याकडंच हाय.”

“अरे वा,” ओगलेबाई म्हणाल्या. “बसा ना!”

घरी आल्यावर मी तोंड सोडलं. “घाबरवायला पाठवलं होतं तुम्हाला, डाव मांडायला नाही!”

“भिववायचं म्हंजे आदी वळख पायजे,” आबा शांतपणे म्हणाले. “अनोळखी मानसाचं कोन ऐकतंय?”

“अहो, ते इथं राहायला आले की गायमुख आटेल. माझी रोपं जळतील. आपल्या पोरांनी काय प्यायचं?”

“मला ठावं हाय पानी म्हंजे काय. तुज्या आज्यानं बांदलंय त्ये गायमुख.”

“मग एक मेला हात कुठं वर होणार तुमचा?”

हे मी उगीच विचारलं नव्हतं. बोरटेपची एक जुनी रीत आहे. हात वर करून ठराव घ्यायचा झाला की गावातल्या सगळ्यात वयस्क माणसाचा हात आधी वर जातो, मग बाकीचे. कायद्यात असं काही नाही, पण आबांच्या आधी हात वर करायची गावात कुणाची छाती नव्हती. आणि बहुतेक लोक त्यांच्या हाताकडे बघूनच आपला उचलायचे. म्हणजे झरा राहणार की जाणार हे माझ्या घरातल्या त्या एका सुरकुतलेल्या हातावर होतं.

आबांनी पत्ते पिसले. “पान टाकायच्या आदी दावायचं नसतं.”

“तुम्हाला त्या नगरीतच एक खोली बघू का?” मी म्हणालो.

आबांनी पत्त्यांचा जोड खिशात टाकला. मग म्हणाले, “किती माळ्यावरची?”

मंदा चुलीपुढून माझ्याकडे अशी बघत होती की मी जेवण अर्धं टाकून नर्सरीत गेलो. बोलायला नको होतं, हे मला पानावरून उठतानाच कळलं होतं. पण माघार घेणं माझ्या स्वभावात नव्हतं. तोही गुण आबांचाच.

गावात कुजबुज सुरू झाली. गेनबा फुटला. गेनबाला तिकडं फुकटात खोली मिळणार. हौसाक्कानं मला विचारलं, “सोपान, आबांचं काय खरं हाय?” मी म्हणालो, “माझा बाप आहे, फुटायचा नाही.” म्हणालो खरा, पण माझा आवाज मलाच पोकळ वाटला.

आणि ग्रामसभेच्या आधीच्या रविवारी मी ते बघितलं. आबा आणि दाबके गायमुखाची पायवाट चढत होते. आबांच्या हातात आमच्या गोठ्यातली पंधरा लिटरची बादली, दाबक्यांच्या हातात घड्याळ. मी झाडाआडून बघत राहिलो. आबांनी बादली गायमुखाच्या धारेखाली धरली. दाबक्यांनी घड्याळ बघितलं, वहीत लिहिलं. बादली ओतली, पुन्हा धरली. असं पाच वेळा. मग दोघंही दगडावर बसले. दाबके काहीतरी बोलत होते आणि आबा मान खाली घालून ऐकत होते. शेवटी दाबक्यांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

पाटबंधाऱ्याचा माणूस कंपनीसाठी पाणी मोजतोय आणि बादली धरायला माझा बाप! मी घरी जाऊन कुणाला काही सांगितलं नाही. त्या रात्री आबा जेवले नाहीत, पत्तेही काढले नाहीत.

एक मे उजाडला. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता. अख्खं गाव आलं होतं. कुंपणाबाहेर मला तीन ओळखीची डोकी दिसली. दाबके, ओगलेबाई, रेगे. त्या दिवशी बस नव्हती, म्हणजे आपणहून एसटीनं आलेले.

शहाडेंनी रुमालानं कपाळ पुसत अर्धा तास भाषण केलं. गावाला काम मिळेल, दवाखाना होईल, रस्ता होईल. पाण्याची काळजी नको, झरा भरपूर मोठा आहे. ऐकणाऱ्यांच्या माना हलायला लागल्या. दवाखाना कुणाला नको? मलाच हवा होता.

“ठरावाच्या बाजूनं कोन, इरुद्ध कोन, हात वर करून सांगा,” हौसाक्का म्हणाली. “आदी इरुद्ध असतील त्यांनी.”

सगळं पटांगण आबांकडे बघायला लागलं. आबांचे दोन्ही हात मांडीवर. एक हात बंडीच्या खिशाशी गेला, पत्ते चाचपले आणि परत मांडीवर आला. मी नखं खात होतो. छत्तीस वर्षांचा चिटणीस.

“एक इचारायचं हाय,” आबा उठले. “शहाडे सायेब, बादली भराया किती येळ लागतो?”

“बादली?” शहाडे हसले. “आजोबा, कुठली बादली?”

“पंदरा लिटरची. गायमुखाखाली धरली तर पन्नास सेकंद लागत्यात. पाच बाऱ्या धरली. म्हंजे दिसाला सव्वीस हजार लिटर. ह्ये आज, उनाळ्यात. तुमच्या अकराशे घरांना दिसाला लागत्यात सव्वादोन लाख. आमी सगळ्यांनी प्यायचं सोडलं, गुरं इकली, माज्या पोराची रोपं उपटून फेकली, तरी तुमच्या आठातल्या येकाच घराला पानी मिळंल. बाकी सात घरांतल्या म्हाताऱ्यांनी काय करायचं?”

शहाडेंचा रुमाल हातातच राहिला. “हा हिशेब... हा कुणी केला?”

“माज्या भिडूनं.”

कुंपणाबाहेरून दाबके म्हणाले, “मी केला. तुमच्याकडे माझं नाव आहे. ब इमारत, चौथा मजला. ते खोडून टाका.”

“भायेरच्या मानसाला ग्रामसभेत बोलता येत न्हाय,” हौसाक्कानं दरडावलं, पण तिचा चेहरा फुलला होता.

“म्हनून तर मी बोलतोय,” आबा म्हणाले. “गडी मला म्हनला, गेनबा, जोडीदाराला पान दावू नये असा नेम हाय, पर ह्ये पान दावल्याबिगर मला झोप यायची न्हाय.” कुंपणाकडे त्यांनी एकदा बघून घेतलं. ओगलेबाई पदरानं डोळे पुसत होत्या, आणि पहिल्यांदाच गप्प होत्या. मग आबांनी हात वर केला. सावकाश, अगदी वरपर्यंत.

त्यामागोमाग सगळ्या पटांगणाचे हात वर गेले. मला खांद्यावर घेऊन लोक नाचले, गुलाल उधळला, हलगी वाजली. चिटणीस म्हणून मी भाषणही ठोकलं. काय बोललो ते आता आठवत नाही, आणि ते बरंच आहे.

पुढच्या रविवारी मी सकाळी रोपांना पाणी देत होतो. साडेनऊला आबा निघाले. धुतलेलं धोतर, इस्त्रीची टोपी.

“आबा, आता बस येणार नाही.”

“ठावं हाय.”

“मग कुठं चाललात?”

“जरा बसून येतो.”

मी कुंपणाशी उभा राहून बघत होतो. आबांनी करंजाखाली पोतं झटकून अंथरलं. रस्त्याकडे तोंड करून बसले. खिशातून जोड काढला, पिसला आणि वाटायला लागले. एक पान इकडं, एक पान तिकडं, एक समोर, एक आपल्याला. तेरा तेरा पानांचे चार ढीग झाले. आपला ढीग त्यांनी उचलला, नीट लावला, आणि बाकीच्या तीन ढिगांकडे बघत बसले.

तेव्हा मला कळलं. ठराव पडला की हे भिडू परत यायचे नाहीत, हे त्यांना आधीपासून ठाऊक होतं. त्या दगडावर मान खाली घालून ते ऐकत होते तेव्हाही, आणि पटांगणात हात मांडीवरून उचलायला त्यांना वेळ लागला तेव्हाही. झरा माझा राहिला होता, आणि तो ठेवायला त्यांनी आपला डाव मोडला होता. मला इतकी लाज वाटली की हातातली नळी तशीच वाहत राहिली आणि गुलाबाच्या वाफ्याचं तळं झालं.

मी नळी बंद केली आणि वळणावर गेलो.

“काय रं? रोपांना पानी द्यायचं न्हाय?”

“दिलं,” मी म्हणालो आणि समोर बसलो.

“येतं का तुला?”

“तुम्ही कुठं शिकवलंत?”

“तू कुठं बसलास?”

मी ढीग उचलला. इतक्यात मंदा चहाची किटली घेऊन आली, आमच्याकडे बघितलं, आणि काही न विचारता तिसऱ्या ढिगापाशी बसली. तिला माझ्यापेक्षा चांगलं खेळता येत होतं, माहेरी शिकली होती. बारा वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं.

चौथा मिळाला तोही मजेशीर. शहाडे साहेब आपली पाटी काढून न्यायला आले होते. शिडीवर चढून खिळे उपटत होते, टाय खांद्यावर टाकलेला.

“ओ सायेब,” आबांनी हाक मारली. “हुईल ती पाटी. मेंढीकोट येतो का?”

“येतो की,” शहाडे शिडीवरूनच म्हणाले. “पण तुम्ही माझं काम बुडवलंत ना, आजोबा.”

“मंग या हिकडं, वसूल करा.”

डाव रंगात आला होता. शहाडे आणि मंदा एक जोडी, मी आणि आबा दुसरी. मी दोनदा चुकीचं पान टाकून मेंढी घालवली आणि आबांनी माझ्या सात पिढ्यांचा, म्हणजे स्वतःच्याच, उद्धार केला. तेवढ्यात पावणेअकराची एसटी वळणावर थांबली. तिच्यातून आधी काठी उतरली, मग दाबके, मग रेगे. ओगलेबाईंचा आवाज तर त्यांच्या आधीच उतरला होता. तिघंही झाडाखाली आले आणि चारी जागा भरलेल्या बघून उभेच राहिले.

मी चटकन पानं खाली ठेवली. “या, साहेब. बसा माझ्या जागी.” आणि उठायला लागलो.

आबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. पानांवरची नजर उचलली नाही.

“डाव आर्दा टाकून कुठं निगालास? बस खाली,” ते म्हणाले. “सायेब थांबत्यात जरा. त्यांचा येळ जात न्हाय कुठं.”

दाबके हसले आणि करंजाच्या मुळीवर टेकले. मंदानं त्यांच्या हातात चहाचा पेला दिला. मी पानं पुन्हा उचलली. उतारी माझी होती.